शिडाचं कापड

तात म्हणायचा, समुद्र मी मोजलाय,
साठ वाराचा एक तागा, असे किती तागे.
बघितला नव्हता कधी. हिप्परग्याचं तळं
सांडव्यावरून वाहताना बघितलेलं, तेवढंच.

गिरणीच्या सात नंबर खात्यात
दुहेरी पिळाचं सूत, खळ जाड,
धोटा परत येताना हातोड्यासारखा वाजायचा.
मास्तर म्हणाला, हे स्वीडनला जातंय.
स्वीडन कुठंय?
बार्शीच्या पुढं, कुणीतरी म्हणालं,
आणि खातं हसलं.

तिकडं एस्किल ब्रूमान नावाचा माणूस
आधी कोळ्यांच्या होड्या बांधायचा.
एका साली हेरिंग मासा बेटाकडं फिरकलाच नाही.
मग त्याच ओकच्या फासळ्यांवर त्यानं
एक बिनकामाची नाव बांधली,
मासे न धरणारी, नुसती वाऱ्यावर जाणारी.
गावानं त्याला वेडा ठरवला;
पुढच्या वर्षी गावचा डॉक्टर बयाणा घेऊन दारात.
शेड वाढली. पोरगा टोर्केल हाताशी आला.
खाडी गोठली की आत फळ्या वाफवायच्या,
गरम असतानाच वाकवायच्या, तांब्याचे खिळे,
आणि बर्फ सुटायच्या आत
सोलापूरचं कापड.

हे आम्हाला कळलं फार उशिरा.
तेव्हा पत्र यायचं आणि मास्तर वाचून दाखवायचा:
कापडाची झोळी करा, पाणी भरा, टांगा.
संध्याकाळपर्यंत थेंब पडला तर माल परत.

मे महिना. नळाला चार दिवस पाणी नाही,
आणि मुकादम घागरी घागरी पाणी
कापडात ओततोय,
कांड्या भरणाऱ्या बायका दारात उभ्या, तोंडाला पदर.
पास झालं ते बंदराला गेलं.
नापास तुकड्यांच्या तातानं छागली शिवल्या.
साखर पेठेत अजून निघेल एखाद्या घरात,
पाझरणारी, म्हणूनच पाणी गार ठेवणारी.

शेवटचं पत्र दोन ओळींचं.
सूत नको, नवा धागा निघालाय, भिजत नाही.
मग तिकडं लाकूडही नको झालं.
टोर्केलनं साच्यात काचतंतू आणि राळ थापून
एकीसारखी एक, शंभर नावा काढल्या.
चाळीस खपल्या.
साचे कर्जात गेले, शेडीत कुणी कॉफीचं हॉटेल काढलं.
आमच्याकडं एका पहाटे भोंगा वाजला नाही
आणि माणसं सवयीनं उठून बसली.

दोन हजार नऊला एस्किलची पणती आली.
नाव माय. आजीला ते फार आवडलं,
सारखी हाक मारायची, कामाशिवाय.
उन्हानं मान लाल झालेली,
कारखान्याचा इतिहास लिहीत होती,
आणि पिशवीत शिडाचा तुकडा, कुजका, रुमालाएवढा.
किनारीत एक निळा धागा.

तात दर ताग्यात एक लाल धागा सोडायचा, चोरून.
लहानपणापासून ऐकून आम्हाला पाठ.
सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.
हो म्हण ना, मी मनात म्हणालो,
इतक्या लांबून आलीये, रंग कोण विचारतंय.

त्यानं चष्मा काढला. तुकड्याचा वास घेतला.
नखानं किनार उलगडली.
"माझं नाही," म्हणाला. "हे गड्डमचं.
रात्रपाळीचा बालराज. बघ की बे, गाठ डावखुरी आहे.
आणि मला वाटलालतं, मी एकटाच करलालोय."

तिनं वहीत लिहिलं. गड्डम, ड दोनदा.
आहेत का ते?
नाहीत. धोटा उडून डोळा गेला होता,
मग भिवंडीला गेला, मग कळलं नाही.

आईनं तिला छागलीतलं पाणी दिलं.
ओतताना वहीवर दोन थेंब पडले, शाई फुटली.
"माल परत," तात म्हणाला,
आणि भिंतीकडं बघत बसला.
एवढं मात्र मी इंग्रजीत सांगितलं नाही.